चार बोटं वर

फहाहीलच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
माझी खोली. खिडकी नाही.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत मी स्वेटर घालून.
मशीन तापू नये म्हणून इथे माणसं गारठतात.

शब्बीर परकार, वय त्रेचाळीस, ट्रेलरचा ड्रायव्हर.
गाव विचारलं तर आधी "इंडिया" म्हणाला,
मग माझ्या कोटावरचं 'भुवड' वाचून
"दाभोळ. जेटीजवळ."
"शर्ट वर घ्या. जेल गार लागेल."
"इथे काय गार नाही मॅडम," तो म्हणाला, "उन्हाशिवाय?"

उजव्या बरगडीखाली प्रोब टेकवला.
यकृत बरं असतं तेव्हा करडं दिसतं,
शेजारच्या मूत्रपिंडासारखंच,
कुणाच्या लक्षात न येणारं.
त्याचं चमकत होतं
भर दुपारच्या मिठागरासारखं,
आणि त्या उजेडामागे सगळा काळोख,
श्वासपटलाची रेघसुद्धा सापडेना.

चरबी आहे, हे मी बोलायचं नसतं. डॉक्टर बोलतात.
पण त्याने माझा चेहरा वाचला.
"थेंबाला शिवलो नाही हो. आयुष्यात."
माहीत आहे.
थेंबाचं काम बाकीच्यांनी केलं:
केबिनमधले चौदा तास,
सीटमागचा पेप्सीचा क्रेट,
रात्री दीड वाजता खुबुस आणि तळलेली कोंबडी,
कारण त्या वेळी तेवढंच उघडं असतं
आणि एवढी लांब गाडी उभी करायला जागा तिथेच.

"आता डाव्या कुशीवर."
तोच प्रोब, तेच जेल. चार बोटं वर.
हृदय रक्त फेकत होतं नीट. आकडा साठ, तक्रार नाही.
पण ठोका संपल्यावर सैल व्हायला
त्याला उशीर लागत होता.
रक्त दारात ताटकळलेलं
आणि आतून कडी निघता निघत नाही.
आवळता येतं, सोडता येत नाही:
ही माणसं मी ओळखते.
शुक्रवारी सुट्टी असते, तरी बूट घालून
खाटेवर बसलेली असतात.

कॉलेजात आम्हाला पोटाचं पुस्तक वेगळं होतं,
छातीचं वेगळं, मास्तरही वेगळे,
आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.
आमच्या आळीतल्या रघू खाटकाला
पावशेर काळीज मागितलं की तो यकृत तोलायचा,
आणि त्याची बायको गेली त्या दिवशी
"काळीज फाटलं रे" म्हणताना
त्याचा हात छातीवर होता.
शब्द एकच. ही चार बोटं
भाषेने कधी मोजलीच नाहीत.
त्याच शब्दातली वेलांटी
एक अक्षर पुढे सरकवली, की काळजी.

जेल पुसत त्याने विचारलं,
"घरी काय सांगू?"
"एरवी काय सांगता?"
"झकास."

फेब्रुवारीत परत आला.
पट्ट्याला नवं भोक, खिळ्याने पाडलेलं, वाकडं.
पहाटे यार्डात उभ्या ट्रेलरांभोवती चालतो म्हणे,
पंधरा फेऱ्या. वॉचमन हसतो,
त्याला वाटतं याचं काहीतरी हरवलंय.
क्रेट गेला. खुबुस अर्ध्यावर आला.
"कोंबडी?" "कधी कधी," म्हणाला, आणि छताकडे बघितलं.

यकृताची चमक थोडी उतरली होती.
हृदयाची कडी मात्र अजून तशीच जड.
"त्याला वेळ लागेल," मी म्हटलं.
हेही मी बोलायचं नसतं.

तो गेला तेव्हा रात्रीचे साडेनऊ.
टेबलावर माझं जेवण: क्रीमच्या बिस्किटांचा पुडा,
आंब्याच्या ज्यूसचं खोकं, नळी टोचलेली.
चिपळूणहून लेकीचा फोन.
"आई, जेवलीस का?"
प्रोब अजून कोमट होता, जेलची बाटली हातातच,
आणि दार आतून लावलेलं.
"हो गं," म्हटलं. "झकास."